स्वयंपाकघरातील बंदोबस्त

कुत्रे चोरी करू लागले की रात्री त्यास बाहेर घालवून दार लावून घ्यावे, हा उपाय सपाट मुलखातील गावांत सोपा असेल. परंतु जोयडा तालुक्यात, म्हणजे काळी नदीवरील धरणाने जुने सुपे गाव पोटात घेण्यापूर्वी ज्याला सुपा तालुका म्हणत त्या अरण्यप्रदेशात, तो अमलात आणणे म्हणजे कुत्रे बिबट्याच्या हवाली करणे होय. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, ज्या भागात जंगल नसून उसाची शेते आहेत, तेथील बिबट्यांच्या विष्ठेचे परीक्षण विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले, तेव्हा भक्ष्यात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. येथे तर व्याघ्र प्रकल्पच शेजारी. चितळ, भेकर विपुल असले तरी अंगणात आयते निजलेले कुत्रे बिबट्या नाकारीत नाही. तेव्हा चोर आणि माल यांना एकाच छपराखाली रात्र काढू देणे प्राप्त होते. आमचा कबऱ्या चुलीच्या उबेला झोपतो, आणि कारवारहून अणशीच्या घाटाने वर आलेले खारे बांगडेही त्याच खोलीत असतात.

त्याची चोरी मी पाटावर बसून पुष्कळदा निरखली आहे, आणि तिला अविचार म्हणणे अन्यायाचे होईल. भाकरी तव्यावर असेपर्यंत तो हलत नाही. डोळे मिटलेले, हनुवटी पुढच्या पायांवर, आणि डावा कान तेवढा घरातल्या बाईच्या बांगड्यांच्या रोखाने फिरत असतो. ती तांदूळ धुवायला परसदारी निघाली, बांगड्यांचा आवाज उंबरठ्यापलीकडे गेला आणि विहिरीचा रहाट कुरकुरू लागला, की तो उठतो. आमच्या स्वयंपाकघराचा अर्धा भाग जुना, शेणाने सारवलेला, तर अर्धा अलीकडचा, फरशीचा, सिमेंटच्या ओट्याचा आणि गॅसच्या शेगडीचा आहे; फरशीवर कुत्र्याची नखे वाजतात, सारवणावर वाजत नाहीत, म्हणून समोरची सरळ वाट सोडून, भिंतीला अंग घाशीत, सारवणाची कड जेथवर जाते तेथवर तो जातो आणि मग एकाच झेपेत पुढचे दोन्ही पाय ओट्यावर टेकतो. झाकण तो उचलीत नाही. नाकाने ते एका अंगास लोटीत नेतो, कडेवर आले की क्षणभर थांबतो, आणि उघडलेल्या फटीतून तोंड आत घालतो. या सर्व व्यवहारात भांडे वाजले असे क्वचितच घडते.

भाकरी तो अखंड उचलून अंगणात नेतो, लोणी जागच्या जागी चाटतो, आणि बांगडा मात्र सरपणाच्या ढिगामागे नेऊन, डोक्याकडून सुरुवात करून, काट्यासकट संपवितो. नाचणीच्या भाकरीवर मांसाहारी प्राण्याने इतका जीव टाकावा याचे नवल वाटे. परंतु पिष्टमय अन्न पचविणाऱ्या एका जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक असतात, असे स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केले आहे. पेज-भाकरीच्या घरी राहण्याची सनद त्याला फार पूर्वीच मिळालेली दिसते.

चोरी उघडकीस आल्यावर पंचनामा सुरू झाला की कान पाडून, शेपूट पोटाशी घेऊन जी मुद्रा तो धारण करतो, तिला आमच्या घरात कबुलीजबाब मानण्याची रीत आहे. अलेक्झांड्रा होरोविट्झ या विदुषीने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ही समजूत टिकली नाही: ती मुद्रा अपराधाशी नव्हे, तर धन्याच्या रागावण्याशी बांधलेली आढळली, आणि काहीही न खाल्लेली कुत्रीसुद्धा बोलणी बसताच तशीच दिसू लागली. युलियाने कामिन्स्की यांच्या प्रयोगाची उपयुक्तता याहून अधिक व्यावहारिक आहे. मनाई केलेला घास कुत्री अंधारात अधिक वेळा पळवितात, आणि त्यातही माणसावर उजेड आहे की नाही यापेक्षा अन्नावर आहे की नाही हे त्यांच्या लेखी महत्त्वाचे ठरते. तेव्हापासून ओट्यावरचा दिवा आम्ही उशिरापर्यंत ठेवतो. वीज गेली की मात्र, आणि पावसाळ्यात ती येथे वरचेवर जाते, सारा कारभार कबऱ्याच्या हाती जातो.

शेजारच्या कुणबी म्हातारीला हे प्रयोग सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “कुत्र्याला काय सांगता? शिंक्याला सांगा.” तिच्या स्वयंपाकघरात चुलीवर, धुराच्या वाटेत, बांबूचा माच बांधलेला आहे, सुकी मासळी आणि बी-बियाणे त्यावर, दूध-ताक काथ्याच्या शिंक्यात, आणि जमिनीवर ठेवावेच लागते त्या भांड्याच्या झाकणावर वरवंटा. करांदे, सुरण, अळकुड्या कोपऱ्यात उघड्या पडलेल्या असतात, कारण कच्च्या सुरणाची खाज एकदा चाखलेले जनावर पुन्हा तिकडे फिरकत नाही. आमचा ओटा बांधणाऱ्या गवंड्याने बाईच्या कमरेचे माप घेतले होते. मागच्या पायांवर उभे राहिलेले कुत्रे नेमके तेवढेच उंच भरते, याचा विचार त्यात कोठेच नव्हता. मला विचाराल तर जुनी रचना अधिक शहाणी होती. तिने कुत्र्याचा स्वभाव बदलण्याची उमेद धरली नाही, फक्त अन्नाची पातळी बदलली.

भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची कथा आपल्याकडे सर्वश्रुत आहे. त्या दिवशी घरात दुसरी भाकरी उरली होती काय, हे कथेत येत नाही. शिवाय कांद्याच्या भाजीपाठीमागे कोणी वाटी घेऊन धावू नये, कारण कांद्याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, आणि खाऱ्या बांगड्याचे मीठही त्यास बाधते: तहानेने पाणी पीत सुटणे, मग ओकाऱ्या. म्हणून बंदोबस्त आमच्यापेक्षा त्याच्याच हिताचा आहे, हे घरातल्या बाईचे म्हणणे मी मान्य केले. काथ्याचे शिंके आणले, आढ्याला टांगले आणि बांगड्यांची परडी त्यात ठेवली. उंदीर दोरीवरून उतरू नये म्हणून दोरीत एक करवंटी पालथी ओवली. कबऱ्याने खालून दीर्घकाळ निरीक्षण केले आणि तो पुन्हा चुलीपाशी जाऊन झोपला.

मात्र मांजराला दोरी लागत नाही. शेजारची बोकी वाशावरून थेट परडीत उडी घेते, शिंके हेलकावे खाते, आणि परडीच्या कडेवरून बांगडा खाली पडतो तेव्हा कबऱ्या नेमक्या त्याच जागी आधीपासून येऊन बसलेला असतो. दोघांचे वैर गावभर माहीत असले तरी या प्रसंगी भुंकल्याचा आवाज कोणी ऐकलेला नाही. परडीला झाकण बसविण्याचे ठरले असून म्हातारीने वेताचे एक जुने झाकण देऊ केले आहे. ते माळ्यावर कोठेतरी आहे, एवढेच तूर्त कळले आहे.