रायफलचा चाप : हलका हवा की खात्रीचा?

सुट्या भागांचा धंदा मूळ मालाच्या उणिवेवर उभा राहतो. कारखान्याने स्कूटरची गादी कडक दिली की गावोगाव गादी शिवून देणारे निघतात. दिवा मंद दिला की जास्त उजेडाचा दिवा विकणारा शेजारीच दुकान मांडतो. कारखानदार लाखो गिऱ्हाइकांचा विचार करून माल काढतो, तर सुटे भाग विकणारा त्यातल्या चोखंदळ हजारोंवर नजर ठेवून असतो. अमेरिकेत खेळासाठी व शिकारीसाठी वापरल्या जाणाऱ्या रायफलींच्या चापाचा, म्हणजे ट्रिगरचा, व्यापार याच तत्त्वावर चालतो. तो जुनाही आहे. चाप विकणारी टिमनी ही कंपनी १९४६ साली सुरू झाली.

या व्यापारात गिऱ्हाईक एका आकड्याच्या मागे लागते आणि विकणाराही तोच आकडा पुढे करतो. हा आकडा म्हणजे चाप ओढायला किती पौंड जोर लागतो तो. आमचे म्हणणे असे की, या आकड्याला महत्त्व असले तरी तो यादीत तिसरा-चौथा यावा. पहिला क्रमांक वेगळ्याच गोष्टीचा आहे. ती समजण्यासाठी एकच रायफल घेऊ : रुगर कंपनीची १०/२२.

पाच पौंडांची रायफल, सहा पौंडांचा चाप

ही रायफल १९६४ साली बाजारात आली. पॉइंट २२ चे छोटे काडतूस, दहा गोळ्यांचे गोल फिरणारे मॅगझिन आणि अर्धस्वयंचलित रचना ही तिची ओळख. अर्धस्वयंचलित म्हणजे दर वेळी चाप ओढल्यावर एकच गोळी सुटते, पण पुढची गोळी नळीत आपोआप चढते. पहिल्या पन्नास वर्षांत या रायफलीचे ५० लाखांहून अधिक नग खपले. अमेरिकेतील असंख्य मुलांनी नेमबाजीचे पहिले धडे हिच्यावर गिरवले आहेत.

साध्या नमुन्याच्या या रायफलीचे वजन सुमारे ५ पौंड, म्हणजे सव्वादोन किलो भरते. कारखान्यातून येणारा चाप ओढायला मात्र साधारण ६ पौंड, म्हणजे पावणेतीन किलो जोर लागतो. बोटाचा जोर हत्याराच्या वजनाहून अधिक झाला की सुटण्याच्या क्षणी नळी हलते आणि नेम चुकतो. चाप बदलण्याची गरज इथून निर्माण होते आणि ती खरी आहे.

मग कारखाना चाप जड का ठेवतो? त्याला कारण आहे. विकलेली रायफल कोणाच्या हाती पडेल, तिची देखभाल होईल की नाही, ती थंडीत हातमोजे घालून वापरली जाईल की कसे, हे कारखान्याला ठाऊक नसते. शिवाय अमेरिकेत सदोष मालाबद्दल गिऱ्हाईक कोर्टात जाते आणि भरपाईच्या रकमा मोठ्या असतात. रेमिंग्टन कंपनीचे उदाहरण बोलके आहे. २००६ ते २०१४ या काळात बनवलेल्या रायफलींतील एका जातीचे चाप कंपनीने एप्रिल २०१४ मध्ये परत मागवले. जोडणीच्या वेळी लावलेला चिकट पदार्थ जास्त झाल्यास चाप न ओढता गोळी सुटण्याचा धोका होता. त्या रायफली अर्धस्वयंचलित नव्हत्या, पण धडा सर्वांना सारखाच आहे. थेंबभर जादा पदार्थाने जिवाशी गाठ पडू शकते.

चाप दोन कामे करतो

चापाच्या पेटीत हॅमर नावाची लहान हातोडी असते. स्प्रिंगच्या जोरावर ती पुढे झेपावण्याच्या तयारीत असते आणि सिअर नावाची खिट्टी तिला अडवून धरते. चाप ओढला की खिट्टी सरकते, हॅमर सुटतो, फायरिंग पिनवर आदळतो आणि काडतूस पेटते. गोळी सुटल्यावर बोल्ट मागे जातो व हॅमरला पुन्हा दाबतो. बोट अजून चापावरच असते, म्हणून या क्षणी डिस्कनेक्टर हा तिसरा भाग चाप आणि खिट्टी यांचा संबंध तोडतो. खिट्टी हॅमरला पुन्हा पकडते. बोट सैल सोडून चाप नव्याने ओढल्याशिवाय दुसरी गोळी सुटत नाही.

म्हणजे चापाची कामे दोन : हवे तेव्हा सोडणे आणि नको तेव्हा धरून ठेवणे. जाहिरात पहिल्या कामाची होते. अपघात दुसऱ्या कामातल्या खोटीने होतात. खिट्टी आणि हॅमर यांची पकड फार कमी केली तर चाप लोण्यासारखा चालतो खरा, पण बोल्ट जोराने पुढे आदळला किंवा रायफल हातातून पडली तर हॅमर आपणहून सुटू शकतो. एका ओढीत दोन गोळ्या सुटण्याचाही संभव असतो. तेव्हा हे भाग घरी कानशीने घासून चाप हलका करण्याचा उद्योग कोणी करू नये. पोलादावरचा कठीण थर फार पातळ असतो. तो गेला की आज बरा वाटणारा चाप काही दिवसांनी दगा देतो. शिवाय एका ओढीत एकाहून अधिक गोळ्या सुटणारे हत्यार अमेरिकेच्या १९३४ च्या कायद्यानुसार मशीनगन ठरते. 

तीन वाटा, तीन किमती

या रायफलीचा चाप सुधारण्याच्या तीन वाटा आहेत.

पहिली वाट आतले मोजके भाग बदलण्याची. आयोवा राज्यातील व्होल्क्वार्टसेन ही कंपनी नुसता हॅमर विकते. त्याची पकडीची जागा बारकाईने कापलेली असल्याने चाप बराच हलका व स्वच्छ होतो. खर्च कमी, पण पेटी उघडून बारीक स्प्रिंगा आणि पिना पुन्हा नीट बसवता आल्या पाहिजेत. हात बसलेला नसेल तर कारागिराकडून करून घ्यावे.

दुसरी वाट कारखान्याचाच तयार संच घेण्याची. बाहेरचे लोक आपल्याच मालावर कमाई करीत आहेत हे पाहून रुगरने स्वतःच बी.एक्स. नावाचा संच काढला. ओढ अडीच ते तीन पौंड आणि किंमत सुमारे शंभर डॉलर. या रायफलीत चापाची पेटी दोन आडव्या पिनांवर बसते. काडतुसे काढून रायफल दस्त्यातून मोकळी करायची, पिना ढकलायच्या, जुनी पेटी काढून नवी बसवायची. बहुसंख्य गिऱ्हाइकांसाठी आमच्या मते हीच वाट शहाणपणाची आहे.

तिसरी वाट नामांकित कारागिरांचा संपूर्ण संच घेण्याची. व्होल्क्वार्टसेन, टिमनी, टेक्सासमधील किड अशी नावे इथे येतात. किडचा चाप दोन टप्प्यांचा मिळतो. आधी थोडी सैल ओढ, मग बोटाला भिंत लागल्यासारखी जाणीव आणि मग थोड्याशा जोराने सुटका. स्पर्धेतल्या नेमबाजाला ही भिंत आवडते, कारण कुठे थांबायचे ते कळते. अशा संचाची किंमत मात्र रायफलीच्या मूळ किमतीजवळ जाऊन पोहोचते. घोड्यापेक्षा खोगीर महाग अशी ही गत. जो नियमित स्पर्धेत उतरतो त्यालाच हा खर्च शोभतो.

मापात पाप नको

खरेदीआधी स्वतःला विचारावे, रायफल कशासाठी? नवशिक्या मुलासाठी असेल तर काही महिने मूळ चापच ठेवावा. बोट चापावर कधी ठेवायचे ही शिस्त अंगी बाणण्याआधी हलका चाप हाती देऊ नये. शिकारीसाठी तीन पौंडांच्या खाली जाण्याची गरज नाही. गारठलेल्या बोटाला वजनाचा अंदाज राहत नाही.

स्पर्धेसाठी असेल तर आधी नियम वाचावेत. ओहायोतील कॅम्प पेरी येथील रिमफायर स्पोर्टर या सामन्यात रायफल साडेसात पौंडांहून जड चालत नाही आणि चापाची ओढ किमान तीन पौंड लागते. म्हणजे अडीच पौंडांचा उत्तम चाप घेऊन गेलेला नेमबाज तपासणीच्या टेबलावरूनच परत फिरेल. लष्करी नमुन्याच्या सर्व्हिस रायफलींच्या सामन्यांत हीच मर्यादा साडेचार पौंड आहे. तेव्हा मर्यादेपेक्षा थोडा जड चाप घ्यावा. वापराने ओढ किंचित उतरते, ही सूट हाताशी असू द्यावी.

डब्यावरचा आकडाही पारखून घ्यावा. चापाची ओढ मोजायचा काटा मिळतो. दहा वेळा मोजून सरासरी काढावी. सरासरीइतकेच महत्त्व दहा मापांतल्या फरकाला आहे. दर वेळी साडेतीन पौंडांवर सुटणारा चाप हा कधी दोन, कधी तीन पौंडांवर सुटणाऱ्या चापापेक्षा केव्हाही चांगला. सुटण्याआधी बोटाला खरखर लागते का, सुटल्यावर चाप मागे किती पळतो, बोट सैल केल्यावर तो लवकर व ठळकपणे जागेवर येतो का, हेही पाहावे.

नवा चाप बसवल्यावर रायफल पूर्ण रिकामी असल्याची दोनदा खात्री करून चार तपासण्या कराव्यात. एक, बोल्ट जोराने पुढे सोडला तरी हॅमर पडता कामा नये. दोन, सेफ्टी लावून चाप ओढल्यास काही होता कामा नये. तीन, सेफ्टी तशीच सोडली तरी हॅमर पडू नये. चार, चाप ओढून धरून बोल्ट मागे-पुढे केल्यावर हॅमर धरलेलाच राहावा आणि चाप सोडून पुन्हा ओढल्यावरच पडावा. मग नेमबाजी मैदानावर आधी एकच गोळी भरावी, मग दोन आणि सारे ठीक असेल तरच पूर्ण मॅगझिन. एकही तपासणी चुकली तर माल परत करावा. किरकोळ आहे म्हणून चालवून घेऊ नये.

आणखी एक हिशेबाची गोष्ट. नेम हा नळी, काडतूस आणि सराव यांनी साधतो. चाप फक्त त्यांच्या आड येत नाही एवढेच त्याचे कर्तृत्व. शंभर डॉलर हाती असतील आणि सराव नसेल तर त्या पैशांची काडतुसे घ्यावीत.

आपल्या माणसांना एक सूचना

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात नंबर कोरलेला मुख्य सांगाडा म्हणजे बंदूक. साधी चापाची पेटी सुटा भाग समजली जाते व डाकेने घरपोच येते. भारतात तसे नाही. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्र या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्रांचे भागही येतात. त्यामुळे तिकडे राहणाऱ्या भावाने किंवा मित्राने इकडच्या नेमबाजासाठी भेट म्हणून असा संच सामानात टाकून आणला तर विमानतळावर खटला उभा राहू शकतो. नेमबाजीचे साहित्य परवान्याच्या रस्त्यानेच मागवावे.

या बाजारात शहाणा दुकानदार गिऱ्हाइकाला आधी विचारतो, रायफल कोण चालवणार? चाप किती हलका हवा, हे तो नंतर विचारतो. पहिला प्रश्न न विचारता डबा पुढे सरकवणाऱ्या दुकानातून चाप घेऊ नये. आणि घरात मूल असेल तर चापाआधी कुलपाची पेटी घ्यावी.