कोबी की शेवग्याचा पाला?

चंदगडच्या बाजारात आयाबहिणींच्या पिशव्यांत मला कोबी हमखास दिसतो. परसातला शेवगा मात्र शेंगांपुरताच आठवतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते पाहा. १०० ग्रॅम शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम ३०० मिलिग्रॅमच्या वर, कोबीत ५० च्या आसपास. लोहातही पालाच कितीतरी सरस. कोबी टाकाऊ नव्हे. त्यात ‘क’ जीवनसत्त्व असते, पण फार शिजवल्यास ते घटते. पाल्याच्या भाजीवर लिंबू पिळावे, म्हणजे लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेऊ नये. तो लोह पुरते शोषू देत नाही. सतत थकवा, धाप, फिकटपणा असल्यास रक्त तपासून घ्यावे. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या मात्र भाजीच्या भरवशावर बंद करू नयेत.