नडगीत रॉड कशासाठी? कार्यकर्त्यांना माहीत असावे असे काही

दुचाकीच्या अपघातात नडगीचे हाड मोडणे ही आपल्या वस्त्यांत नेहमीची गोष्ट आहे. या हाडावर पुढच्या बाजूने मांस नसते, फक्त कातडी असते. त्यामुळे मोडलेले टोक कातडी फाडून बाहेर येण्याचा धोका जास्त. डॉक्टर ‘रॉड टाकावा लागेल’ म्हणतात आणि घरात वाद सुरू होतो. प्लास्टरवर भागणार नाही का? हाडवैद्याकडे न्यायचे का?

प्रत्येक फ्रॅक्चरला ऑपरेशन लागत नाही. हाड जागेवर असेल तर प्लास्टर पुरते. पण तुकडे सरकले असतील तर ते प्लास्टरमध्येही पुन्हा सरकू शकतात. पाय वाकडा किंवा आखूड जुळला, तर ओझी उचलून पोट भरणाऱ्या माणसाचा रोजगारच जातो.

ऑपरेशनमध्ये गुडघ्याजवळ छेद घेऊन हाडाच्या पोकळीत स्टीलची किंवा टायटॅनियमची सळई घालतात आणि वर-खाली स्क्रूने पक्की करतात. त्यामुळे हाड फिरत नाही, आखूड होत नाही. जर्मनीचे डॉ. गेर्हार्ड क्युन्चर यांनी १९३९-४० च्या सुमारास मांडीच्या हाडासाठी ही पद्धत पुढे आणली. सळई बसवताना साधारणपणे सी-आर्म हे एक्स-रे यंत्र लागते. ते नसलेल्या गरीब देशांतील रुग्णालयांसाठी अमेरिकेतील डॉ. लुईस झर्कल यांनी १९९९ साली ‘साइन’ ही संस्था काढली. चांगला उपचार गरिबांपर्यंत पोहोचवता येतो, फक्त तशी इच्छा लागते.

जखम उघडी असेल तर घाई महत्त्वाची. तिच्यात हळद, माती, चुना काही भरू नका. स्वच्छ कापडाने झाका, पायाला आधार द्या, १०८ ला फोन करा. अशा जखमेला लवकर अँटिबायोटिक, धनुर्वाताचे इंजेक्शन आणि ऑपरेशन थिएटरमध्ये सफाई लागते. कधी आधी बाहेरून सळ्यांची चौकट लावतात.

आणखी एक धोका ओळखा. पोटरी दगडासारखी ताठ झाली, बोटे हलवताच असह्य कळ आली, औषधानेही वेदना थांबेना, तर आत दाब वाढलेला असू शकतो. काही तासांत स्नायू मरतात, पाय जाऊ शकतो. घट्ट पट्ट्या बांधल्याने हा धोका वाढतो. सकाळपर्यंत थांबू नका.

पैशांचे काय? महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला गाठा. हे ऑपरेशन योजनेत बसते का, हे पैसे भरण्यापूर्वीच विचारा. पोलिसांच्या भीतीने मदत टाळू नका. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचे कलम १३४अ संरक्षण देते.

रॉड टाकला म्हणजे हाड जुळले असे नाही. त्याला साधारण चार ते सहा महिने लागतात, कधी जास्तही. गुडघा-घोट्याचा व्यायाम, डॉक्टर सांगतील तेवढाच भार आणि बिडी-सिगारेट बंद, कारण धूम्रपानाने हाड उशिरा जुळते. या महिन्यांत घरात मजुरी येत नाही. म्हणून रुग्ण लवकर कामावर जातो, तपासणी चुकवतो. मित्रांनो, रुग्णालयात पहिल्या दिवशी आपण गर्दी करतो. खरी गरज तिसऱ्या महिन्यात असते: घरात किराणा आणि तपासणीला न्यायला एक गाडी.