अंदाजाचे गणित

परीक्षेची वेळ संपत आली आहे. प्रश्नपत्रिकेच्या शेवटी ‘चूक की बरोबर ते सांगा’ या प्रश्नात दहा विधाने दिलेली आहेत आणि एका विद्यार्थ्याला त्यांपैकी एकाचेही उत्तर ठाऊक नाही. तो मनाशी म्हणतो, “उत्तरे दोनच! अंदाजपंचे लिहिले, तरी निम्मे गुण कोठे जात नाहीत.” त्याचे हे म्हणणे कितपत खरे आहे?

एका विधानाचे उत्तर दोन प्रकारांनी लिहिता येते. दुसरे विधान आले, की त्यांतील प्रत्येक प्रकाराबरोबर पुन्हा दोन प्रकार संभवतात. म्हणजे एकूण चार झाले. तिसऱ्या विधानाने ते आठ होतात. वृत्तांतील गण आठच का, याचेही कारण हेच. गणात अक्षरे तीन आणि प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू; म्हणून गण आठ. असे दुप्पट करीत गेल्यास दहा विधानांची उत्तरे १,०२४ प्रकारांनी लिहिता येतात. त्यांतील सर्वस्वी बरोबर असा प्रकार एकच असतो!

आता चारच विधाने घेऊ. त्यांच्या उत्तरांचे प्रकार १६. त्यांत एकही उत्तर बरोबर नसलेला प्रकार १. एक बरोबर असलेले ४, दोन बरोबर असलेले ६, तीन बरोबर असलेले ४ आणि चारही बरोबर असलेला १. पिंगलाच्या छंदःसूत्रांवर टीका लिहिणाऱ्या हलायुधाने दहाव्या शतकात अशा अंकांची मांडणी सांगितली आहे. तिला ‘मेरुप्रस्तार’ म्हणतात. प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना १ लिहावयाचा आणि वरच्या ओळीतील शेजारच्या दोन अंकांची बेरीज त्यांच्या खाली मध्ये मांडावयाची. म्हणून १, ४, ६, ४, १ या ओळीखाली १, ५, १०, १०, ५, १ ही ओळ येते.

दहा विधानांच्या ओळीपर्यंत गेल्यास असे दिसते, की पाच किंवा अधिक उत्तरे बरोबर असलेले प्रकार ६३८ आहेत. म्हणजे निम्म्या गुणांची आशा अगदीच खोटी नाही. परंतु आठ किंवा अधिक उत्तरे बरोबर असलेले प्रकार केवळ ५६ आहेत.

याउलट, एका विधानाचे उत्तर निश्चित ठाऊक असेल, तर १,०२४ प्रकारांचे ५१२ होतात. दोहोंचे ठाऊक असेल, तर २५६. नऊ उत्तरे ठाऊक असणाऱ्यापुढे दोनच प्रकार उरतात. ज्ञानाचा एकेक कण अंदाजाचे ओझे असे निम्म्याने हलके करतो. नशिबाने निम्मे गुण पदरात पडतीलही. पण आपले कोणते उत्तर बरोबर आहे, हे अंदाजाने लिहिणाऱ्याला स्वतःलाच सांगता येत नाही.