एकाच स्पूलवरचे तीन आकडे

मासे गरवण्याच्या रिळाच्या स्पूलवर, काठालगत, बारीक आकड्यांच्या जोड्या छापलेल्या असतात. अमेरिकेत विकायच्या रिळावर 10/140, युरोपातल्या रिळावर 0.25/195, जपानमधल्या रिळावर 3-150. तिन्ही स्पूल शेजारी ठेवून पाहिले तर एकाच मापाचे निघू शकतात. दुसरा आकडा दोरीची लांबी सांगतो, अमेरिकेत यार्डांत आणि इतरत्र मीटरमध्ये. 100 यार्ड म्हणजे 91.44 मीटर. त्यामुळे यार्ड मीटर समजून वाचले तर शंभरात साडेआठ मीटर दोरी नुसती कागदावर राहते. पण ही चूक किरकोळ. खरा घोळ पहिल्या आकड्यात आहे, कारण तिन्ही बाजारांत तो वेगवेगळ्या गोष्टी मोजतो.

स्पूलवरची मोकळी जागा ठरलेली असते. तीत दोरी किती मावेल हे फक्त तिच्या जाडीवर अवलंबून असते, ताकदीवर नाही. प्रत्येक वेढा आपल्या जाडीइतकी रुंदी अडवतो आणि तितकीच उंचीही. म्हणून जाडी दुप्पट झाली की लांबी निम्मी नाही, चौथाई होते. जाडीचा वर्ग गुणिले लांबी हा गुणाकार एका स्पूलपुरता जवळजवळ कायम राहतो. 0.25 मिमी जाडीची 195 मीटर दोरी मावत असेल तर तो साधारण 12.2 येतो. मग 0.30 मिमीची दोरी त्यावर 135 मीटर बसते आणि 0.35 मिमीची जेमतेम 100 मीटर. युरोपची पद्धत अशी सरळ आहे: जाडी मिलिमीटरमध्ये, लांबी मीटरमध्ये. फक्त वर्ग करायचे विसरता कामा नये, आणि दुकानात उभ्याउभ्या 0.285 चा वर्ग कोणी करत नाही.

अमेरिकेचा पहिला आकडा पाउंडांत असतो. तो दोरी किती ताणाला तुटेल हे सांगतो, म्हणजे जागेशी ज्याचा थेट संबंध नाही तेच मोजतो. 10 पाउंडांची साधी नायलॉन दोरी 0.011 इंच जाडीची मिळते, तशी 0.012 इंचाचीही. पहिली वर धरलेल्या स्पूलवर सुमारे 156 मीटर बसते, दुसरी 131 मीटर. इंचाच्या एका हजाराव्या भागाने 25 मीटर खाल्ले, आणि लेबल दोघींचे एकच. शिवाय पाकिटावर 10 पाउंड लिहिलेली दोरी पुष्कळदा त्याहून जास्त ताण सोसते, कारण विकणाऱ्याला ती त्याआधी तुटू द्यायची नसते. विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेला, आयजीएफएला, नेमके उलटे हवे असते: दोरी ठरलेल्या वजनाच्या आतच तुटली पाहिजे. तिचे वर्ग 2, 4, 6, 8, 10, 15 किलो असे चढत जातात आणि दोरी ओली करून तपासली जाते, कारण पाणी शोषलेले नायलॉन कोरड्यापेक्षा कमकुवत असते. ‘टेस्ट’ आणि ‘क्लास’ हे दोन शब्द पाकिटावर वेगवेगळे छापलेले दिसतात ते यामुळेच.

जपानचा आकडा ‘गो’मध्ये असतो. परक्याला तो सर्वांत गूढ वाटतो, पण हिशेबाला तोच सर्वांत सोयीचा आहे. नायलॉनची 1 गो दोरी 0.165 मिमी जाडीची, 2 गो 0.235, 3 गो 0.285 आणि 4 गो 0.330 मिमीची. 1 गोची जाडी दुप्पट केली की 2 गो नव्हे, 4 गो येतो. म्हणजे गो जाडीबरोबर नव्हे, जाडीच्या वर्गाबरोबर वाढतो. जो वर्ग युरोपातल्या ग्राहकाला स्वतः करावा लागतो तो इथे आकड्यातच करून ठेवलेला आहे. स्पूलवर 3-150 असेल तर तीन गुणिले दीडशे, साडेचारशे. 2 गोची दोरी 225 मीटर बसेल आणि 5 गोची 90 मीटर. एवढे तोंडी होते.

पॉलिइथिलीनच्या बारीक धाग्यांची विणलेली दोरी, जिला दुकानात ब्रेड म्हणतात, आली आणि तिन्ही पद्धतींची परीक्षा झाली. ही दोरी गोल नसते. ताणाखाली चपटी होते, धाग्यांमध्ये हवा असते, त्यामुळे तिची जाडी मोजणाऱ्याच्या हातावर ठरते. युरोपातल्या पाकिटावरची मिलिमीटर तिच्या बाबतीत जरा संशयानेच वाचावीत. अमेरिकेने वेगळी वाट काढली. 20 पाउंडांच्या ब्रेडच्या पाकिटावर ‘6 पाउंड नायलॉनइतकी जाड’ असे लिहिलेले आढळते, म्हणजे ताकदीचे माप जाडी सांगायला पुन्हा वापरले. जपानने वजन धरले: 1 गो म्हणजे 200 डेनियर, 9000 मीटर धाग्याचे वजन 200 ग्रॅम. डेनियर हा शब्द कोकणातल्या मच्छीमारांना नवा नाही, जाळ्याचे नायलॉन सूत 210 डेनियर म्हणूनच विकत घेतले जाते.

रिळाच्या नावातल्या 2500, 3000, 4000 या आकड्यांवरून दोरीची लांबी काढू नये. त्यातून आकारमानाचा अंदाज येतो, तोही एका कंपनीच्या एका पिढीपुरता. जपानी रिळांवर आकड्यामागे ‘एस’ असेल तर स्पूल उथळ आहे असे समजावे. पातळ ब्रेड वापरणाऱ्यांसाठी तो मुद्दाम तसा केलेला असतो, आणि जाड तंगूस, म्हणजे साधी नायलॉन दोरी, भरायला गेले की पन्नास-साठ मीटरांतच काठाला लागतो.

भरताना छापील आकड्यापेक्षा काठाकडे लक्ष ठेवतात. दोरी काठाच्या दीड-दोन मिलिमीटर खाली थांबवायची. त्याहून वर गेली तर फेकताना वेढे एकदम सुटून गुंता होतो, फार खाली राहिली तर काठाला घासून फेक आखूड पडते. ब्रेड ओल्या फडक्यातून ताणून घ्यावी लागते. सैल भरलेली ब्रेड कमी लांबीतच स्पूल भरून टाकते आणि पुढे मोठा मासा लागला की वरचा वेढा खालच्यांत रुतून बसतो. शिवाय नुसत्या धातूवर ती पकड घेत नाही, गाठीसकट सगळी गुंडाळी गरगर फिरते. म्हणून तळाला थोडे नायलॉन घालतात. ते किती, हे गोमध्ये चटकन निघते. 3-150 च्या स्पूलचे माप 450. वर 1 गोची 150 मीटर ब्रेड हवी असेल तर तिचे 150 वजा करावेत. उरले 300. तळाला 3 गोचे तंगूस घालायचे तर 100 मीटर. प्रत्यक्षात पाच-दहा मीटर इकडेतिकडे होतात. म्हणून काही जण आधी रिकाम्या स्पूलवर ब्रेड गुंडाळून, तिच्यावर काठापर्यंत नायलॉन भरतात आणि मग सगळे दुसऱ्या दोन रिळांवरून उलटे करून घेतात. वेळ खाणारे काम आहे, पण त्याला कुठल्याच देशाचा आकडा लागत नाही.