पडवीतला पाहुणा

मालगुंडच्या आमच्या घरी पिल्लू आणले, ते आठ आठवड्यांचे झाल्यावरच. दात किती जोराने लावावेत, हे ते आई-भावंडांतच शिकते. पहिल्या रात्री ते सारखे केकाटले. त्याच्या आईखालचे गोणपाट शेजारी ठेवताच निजले.

दुसऱ्या दिवशी पडवीत घाण केली, म्हणून मी हात उगारला. आत्या म्हणाली, "अरे, माराने ते फक्त तुला भिईल!"

तेव्हापासून जेवल्यावर, झोपून उठल्यावर मी त्याला लगेच माडाखाली नेऊ लागलो. तिथे उरकले की शाबासकी. काही दिवसांनी ते आपणच दाराशी उभे राहू लागले! तीन महिने भरताच रेबीजची लसही टोचली. बिबट्याच्या भीतीने रात्री मात्र ते घरातच असते.

वाचकहो, पिल्लाआधी शिकावे लागते ते आपल्यालाच!