उन्हाला भितो, थंडीला का नाही?

नागपूरच्या माणसाला उन्हाचे भय वेगळे शिकवावे लागत नाही. मे महिना आला की डोक्याला दुपट्टा बांधला जातो, खिडकीत कूलर बसतो. नवतपा लागला की म्हातारी माणसे दुपारी दाराबाहेर पडत नाहीत. हे भय खरेच आहे. २३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पण याच गावात २९ डिसेंबर २०१८ रोजी तो ३.५ अंशांपर्यंत उतरलाही होता. थंडीत आम्ही काय करतो? शाल पांघरतो, चहा पितो आणि थंडी छान पडली म्हणतो. तिची भीती कोणाला वाटत नाही. हृदयाच्या बाबतीत मात्र ती वाटायला हवी.

आधी हृदयाचे काम समजून घेऊ. हृदय म्हणजे मुठीएवढा पंप. मिनिटाला सुमारे ७० वेळा, म्हणजे दिवसाला लाखभर वेळा तो चालतो. मोठ्या माणसाच्या अंगात ५ लिटरच्या आसपास रक्त असते. ते रक्तवाहिन्यांतून, म्हणजे बारीकमोठ्या नळ्यांतून फिरते. हृदयालाही स्वतःला रक्त लागते. ते त्याच्याच अंगावरच्या नळ्यांतून येते. वय, तंबाखू, साखरेचा आजार, रक्तदाब यांमुळे या नळ्यांत आतून चरबीचा थर बसतो. एखादे दिवशी तो थर फुटतो, तिथे रक्ताची गाठ धरते आणि वाट बंद होते. यालाच आपण झटका म्हणतो.

आता ऊन घ्या. अंग तापले की कातडीखालच्या नळ्या रुंद होतात आणि आतली उष्णता बाहेर टाकतात. त्यासाठी हृदयाला जास्त वेगाने चालावे लागते. घामावाटे पाणी आणि क्षार जातात. रक्त कमी पडते, घट्ट होते. निरोगी माणूस हे सोसतो. आधीच थकलेले हृदय सोसत नाही. खिशात कांदा ठेवून यातले काही टळत नाही. तोच कांदा भाकरीबरोबर खाल्ला तर निदान पोटात तरी जाईल! खरा उपाय पाणी, ताक, सावली आणि दुपारी कामाला सुट्टी.

थंडीत उलटे होते. ऊब आत राहावी म्हणून कातडीखालच्या नळ्या आखडतात. पाण्याच्या नळीचे तोंड बोटाने दाबून पाहा. आत जोर वाढतो ना? तसाच रक्ताचा दाब वाढतो. हृदयाला तेवढ्याच रक्तासाठी जास्त ताकद लावावी लागते. थंडीत रक्तही लवकर गोठू पाहते. त्यात पहाटेची वेळ वाईट. जाग येताना शरीर आपोआप दाब वाढवते. झटक्यांचे प्रमाण सकाळच्या वेळी जास्त असते, हे डॉक्टरांना पुष्कळ वर्षांपासून माहीत आहे. आणि यासाठी कडाक्याचीच थंडी लागते असे नाही. भारतातल्या मृत्यूंची एक मोठी पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. कडक उन्हापेक्षा साध्याशा थंडीतच हृदयविकाराने जास्त माणसे गेल्याचे तीत दिसले. ऊन काही दिवसच फार कडक असते, साधी थंडी मात्र महिनोन्‌महिने टिकते.

आमच्या लकडगंजात याचा विचार जास्त करायला हवा. इथे लाकडाचा बाजार आहे, आरा मशिनी आहेत. जानेवारीच्या सकाळी ट्रक उभा राहतो आणि हमाल अंग न तापवताच ओंडक्याला हात घालतो. जड वजन उचलताना माणूस श्वास रोखतो. त्या क्षणी रक्तदाब एकदम चढतो. नळ्या थंडीने आधीच आखडलेल्या असतात. वरून बिडीचा झुरका त्या आणखी आखडतो. बर्फाच्या देशांत दारातला बर्फ फावड्याने उपसताना माणसे अशीच कोसळतात. म्हणून पहिली दहा-पंधरा मिनिटे हलकी कामे करावीत. कान, डोके, छाती झाकावी. ओंडका दोघांनी, चौघांनी मिळून उचलावा. मालकाला घाई असतेच, पण ट्रक पाव तास उशिरा रिकामा झाला तर काही बिघडत नाही.

शेकोटीचेही सांगायला हवे. इथे ढलप्या आणि भुसा फुकट मिळतो, म्हणून शेकोटी जागोजाग पेटते. उघड्यावर, धुराच्या बाजूला न बसता शेकले तर ठीक. पण बंद खोलीत शेगडी ठेवून कधीच झोपू नये. तिचा विषारी वायू ना दिसतो, ना त्याचा वास येतो. तो रक्तातला प्राणवायू हिरावतो.

पावसाळ्याचे वेगळे फारसे सांगण्यासारखे नाही. उकाड्यात घाम वाळत नाही, तेव्हा उन्हाळ्याचीच काळजी घ्यावी.

झटका ओळखावा कसा? छातीवर दगड ठेवल्यासारखे दडपण येते. दुखणे डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाते. गार घाम फुटतो, दम लागतो. बायकांना आणि साखरेच्या रोग्यांना पुष्कळदा छातीत दुखतही नाही, नुसता दम लागतो, मळमळते, गळून गेल्यासारखे होते. थंडीत लोक याला गॅस म्हणतात, ओवा खातात, छातीला तेल चोळतात आणि तास दोन तास घालवतात. तेवढ्या वेळात हृदयाचा तुकडा मरतो. अशा माणसाला बसवा, चालवू नका, जिना चढू देऊ नका. लगेच १०८ नंबरला फोन करा. त्या गाडीचे पैसे पडत नाहीत. लकडगंजहून मेयो काही फार लांब नाही. तिथे ईसीजी निघतो आणि गॅस की झटका ते कळते.

रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी थंडी सुरू होताना एकदा दाब मोजून घ्यावा. उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा मोजावा. थंडीत चढणारा दाब उन्हाळ्यात उतरतो, म्हणून डॉक्टर कधी गोळी वाढवतात, कधी कमी करतात. लघवी जास्त करवणारी गोळी असेल तर उन्हाळ्यात तिच्याबद्दल मुद्दाम विचारावे. पण बरे वाटते म्हणून आपल्या मनाने गोळी सोडू नये. डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांचे पाकीट बरोबर न्यावे. नाव वाचता आले नाही तरी ते पाकीट पाहतील.